बर्फाखालचें जग आणि तें पाहणारा डोळा

मासे धरणें हा आमच्या वाचकवर्गांतील पुष्कळ कुटुंबांच्या आवडीचा विषय नव्हे, हें प्रस्तुत लेखक पूर्णपणें जाणून आहे. गोमंतक व कारवार या बाजूंचे आमचे सारस्वत बंधु वगळले, तर ज्या घरांतून अशीं मासिकें वाचलीं जातात त्यांपैकीं बहुतेक घरांत मासळीला उंबरठ्याच्या आंत प्रवेश नाहीं. आणि लेखकाचें घरहि त्यास अपवाद नाहीं. असें असतां, गोठलेल्या सरोवरावर बसून, बर्फाला भोंक पाडून मासे धरण्याची जी एक तऱ्हा थंड देशांत आहे, तिच्याविषयीं व त्या कामीं वापरल्या जाणाऱ्या एका चिमुकल्या कॅमेऱ्याविषयीं चार शब्द लिहावयास मीं लेखणी कां हातीं घेतली, असा प्रश्न वाचकांच्या मनांत येणें साहजिक आहे. त्याचें उत्तर लेखाच्या ओघांत मिळेलच. तूर्त एवढेंच सांगतों कीं, त्या कॅमेऱ्यानें मला मासे धरावयास शिकविलें नाहीं. परंतु माझ्या नऊ वर्षांच्या नातवाला, व त्याच्याबरोबर मलाहि, अशी एक गोष्ट दाखविली कीं जी प्रत्यक्ष पाहिल्यावांचून आम्हां दोघांना कधींच समजली नसती.

चिरंजीव नोकरीनिमित्त अमेरिकेंतील मिनिआपोलिस शहरीं राहतात. त्यांच्याकडे एक हिवाळा काढण्याचा योग आला. हें शहर ज्या मिनेसोटा संस्थानांत आहे, तेथें दहा एकरांहून मोठीं अशीं ११,८४२ सरोवरें मोजलेलीं आहेत. मोटारींच्या पाट्यांवरहि ‘दहा हजार सरोवरें’ हेंच त्या संस्थानाचें बिरुद छापलेलें असतें. हिवाळ्यांत हीं सरोवरें गोठतात व त्यांवर खोपट्यांचीं गांवेंच्या गांवें वसतात. जेथें उन्हाळ्यांत होड्या चालतात, तेथें माणसें खुर्ची टाकून बसतात, शेगडीवर कॉफी उकळतात आणि पायांखालच्या पाण्यांत गळ सोडतात.

आमच्या शेजारीं सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ राहत. त्यांचे आजोबा नॉर्वेहून येऊन येथें स्थायिक झालेले. नातू त्यांना आमच्यापाशीं ‘शेजारचे आजोबा’ म्हणे. एके शनिवारीं त्यांनीं आम्हां सर्वांस ब्रेनर्ड गांवाच्या बाजूच्या एका सरोवरावर येण्याचें आमंत्रण दिलें. सूनबाईंचा जीव मात्र थोडा खालीं-वर झाला.

“अण्णा, तुम्हांला जावयाचें असेल तर अवश्य जा,” त्या म्हणाल्या, “पण ह्याला नका नेऊं. तडफडणारा मासा पाहिला कीं हा रात्रीं जेवायचा नाहीं.”

“त्याच्या वर्गांतलीं निम्मीं मुलें जातात,” चिरंजीव म्हणाले. “नुसतें पाहिल्यानें काय होणार आहे?”

“नुसतें पाहिल्यानेंच तर सगळें होतें,” सूनबाई उत्तरल्या.

अखेर तडजोड अशी ठरली कीं, नातवानें गळाच्या काठीला हात लावावयाचा नाहीं; त्यानें फक्त शेजारच्या आजोबांचा पाण्याखालचा कॅमेरा संभाळावयाचा. सूनबाईंच्या त्या शेवटच्या वाक्यांत किती अर्थ होता, हें त्या वेळीं आम्हां कोणाच्याहि ध्यानीं आलें नाहीं.

बर्फाखालीं मासे जगतात तरी कसे?

सरोवर गोठल्यावर त्यांतील मासेहि गोठून कां जात नाहींत, ही शंका मला लहानपणापासून होती. बहुतेक पदार्थ थंड होत जातात तसतसे आकसतात व जड होतात. पाणी मात्र ४ अंश सेंटिग्रेडपर्यंत असें वागतें आणि त्याहून थंड होऊं लागलें कीं उलट फुगून हलकें होतें. त्यामुळें ४ अंशांचें जड पाणी तळाशीं बसतें, शून्याजवळचें हलकें पाणी वर राहतें व तेंच आधीं गोठतें. बर्फ तर पाण्याहूनहि हलका. तो तरंगत राहून पांघरुणासारखा वरची थंडी अडवितो. आम्ही गेलों त्या दिवशीं हवेचें मान शून्याखालीं १८ अंश होतें. पण पायांखालीं चाळीस फुटांवर मासे आपल्या ४ अंशांच्या पाण्यांत संथपणें वावरत होते. पाण्याचा हा एक स्वभाव विपरीत नसता, तर थंड देशांतील सरोवरें तळापासून गोठत वर आलीं असतीं.

परंतु पांघरुणाखालींहि एक काळजी असतेच. बर्फाचें झांकण बसलें कीं हवेंतला प्राणवायु पाण्यांत मिसळणें बंद होतें. कोंकणांत पावसाळ्यापूर्वीं घरोघर बेगमी करून ठेवतात, तशी शरदृतूंत वाऱ्यानें घुसळलेल्या पाण्यांत जी प्राणवायूची बेगमी झाली असेल, तिच्यावरच बहुतेक हिवाळा काढावयाचा. बर्फ स्वच्छ असेल तर त्यांतून थोडा उजेड आंत जातो व पाणवनस्पति थोडाफार प्राणवायु निर्माण करितात. पण वर हिमाचा जाड थर पडला कीं तोहि मार्ग खुंटतो. इकडे तळाशीं कुजणारा पाला-पाचोळा सांठलेला प्राणवायु खातच असतो. उथळ सरोवरांत ही बेगमी मधेंच संपली, तर मासे गुदमरून मरतात आणि वसंतांत बर्फ वितळल्यावर त्यांचा खच किनाऱ्याला लागतो. म्हणून हिवाळ्यांतला मासा मोठा काटकसरी असतो. त्याचें रक्त पाण्याबरोबर थंड झालेलें, भूक मंदावलेली. तो आमिषावर झडप घालीत नाहीं; येतो, पाहतो आणि पुष्कळदां तसाच निघून जातो.

डोळा जुना, यंत्र नवें

बर्फाखालीं डोकावण्याची मनुष्याची इच्छा कांहीं आजची नाहीं. मिनेसोटाच्या परिसरांतील ओजिब्वे व डकोटा हे मूळचे रहिवासी बर्फाला भोंक पाडून, डोक्यावरून पांघरूण ओढून पालथे पडत व लांकडाचा कोरलेला मासा दोरीनें पाण्यांत नाचवीत. त्याला भुलून मोठा मासा जवळ आला कीं त्याच्यावर भाला चालवीत. पांघरूण घ्यावयाचें कारण असें कीं, आपल्या बाजूला अंधार केला म्हणजे भोंवतालच्या बर्फांतून झिरपलेल्या उजेडानें पाणी आंतून उजळलेलें दिसतें. हीच युक्ति पुढें बिनखिडक्यांच्या काळोख्या खोपट्याच्या रूपानें रूढ झाली, व तशा खोपट्यांत बसून पाइक जातीचे मासे भाल्यानें मारण्याची पद्धत तेथें अजून चालू आहे. आपल्याकडे काश्मीरांत श्रीनगरजवळच्या आंचार सरोवरांतहि कोळी लोक थंडीच्या दिवसांत डोकें व होडीचा कांहीं भाग कांबळीं आणि गवत यांनीं झांकून, त्या सावलीखालीं येणाऱ्या माशांवर भाला रोखून बसतात. दोन खंडांतील माणसांना एकच युक्ति सुचावी, याचें मला मोठें कौतुक वाटलें.

पाण्याखालीं छायाचित्र घेण्याची खटपटहि जुनीच. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर वेमथच्या उपसागरांत विल्यम थॉम्पसन यानें १८५६ सालीं पेटींत बंद केलेला कॅमेरा होडीतून खालीं सोडला. पुढें १८९३ सालीं फ्रान्समधील बान्यूल्स येथें लुई बूतां हा प्राणिशास्त्रज्ञ स्वतः पाणबुड्याचा वेष करून खालीं उतरला व त्यानें चित्रें घेतलीं. मासेमारांच्या हातीं मात्र आधीं डोळा नव्हे, कान आला. पाण्यांत ध्वनिलहरी सोडून त्यांच्या प्रतिध्वनीवरून खोली व मासे ओळखणारीं लहान यंत्रें १९५० नंतरच्या दशकांत बाजारांत आलीं व पुढें बर्फावरहि पोंचलीं. त्यांत माशाची केवळ एक रेघ किंवा ठिपका दिसतो. मासा कोणत्या जातीचा, केवढा आणि आमिषाकडे तोंड करून आहे कीं पाठ, तें कळत नाहीं. ती उणीव भरून काढण्यासाठीं १९९० नंतरच्या दशकांत मिनेसोटांतच ‘अ‍ॅक्वा-व्ह्यू’ नांवाचा, खास मासेमारांसाठीं केलेला सुटसुटीत कॅमेरा निघाला. आरंभींचे पडदे कृष्णधवल आणि फुगीर कांचेच्या नळीचे. त्यांचें ओझें घसरगाडीवरून ओढून न्यावें लागे. आतां सगळा संसार एका पिशवींत मावतो.

यंत्राची रचना व तें वापरण्याची रीत

शेजारच्या आजोबांचा कॅमेरा मुठींत मावेल एवढा व माशाच्याच आकाराचा होता. त्याला मागें कल्ला, पोटाशीं वजन आणि पाठीतून निघणारी शंभर फूट लांबीची तार. तारेचें दुसरें टोंक पोथीच्या पानाएवढ्या पडद्याला जोडलेलें. पडद्याला १२ व्होल्टांची बॅटरी. भिंगाभोंवतीं लहान लहान दिवे बसविलेले. या दिव्यांचें एक शास्त्र आहे. पांढरा उजेड फेंकला तर पाण्यांत तरंगणारे कण चकाकतात व पडद्यावर जणूं हिमवृष्टि होऊं लागते. शिवाय कांहीं मासे बुजतात. म्हणून डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण फेंकणारे दिवे वापरतात. पण पाणी हे किरण फार लवकर शोषून घेतें. त्यामुळें त्यांचा उपयोग चार-दोन फुटांपुरताच. सर्वांत चांगला उजेड म्हणजे बर्फांतून येणारा नैसर्गिक उजेडच. हिवाळ्यांत वारा पाणी ढवळीत नाहीं, शेवाळहि कमी असतें, त्यामुळें पाणी बरेंच निवळ असतें. तसें असेल तर पांच-दहा फुटांवरचें दिसतें. गढूळ असेल तर हातभरहि नाहीं.

सरोवरावर पाऊल टाकण्यापूर्वीं आजोबांनीं लोखंडी पहारेनें बर्फ ठोकून पाहिला. नुसतें चालावयाचें तरी स्वच्छ, निळसर बर्फ निदान ४ इंच जाड हवा, आणि हिम मिसळून झालेला पांढरा बर्फ असेल तर त्याच्या दुप्पट, असा तेथील नियम आहे. आम्हांला १८ इंच मिळाला. मग त्यांनीं सुतारी गिरमिटासारखें, पण मनुष्याच्या कमरेइतकें उंच असें गिरमिट काढून दोन भोंकें पाडलीं: एक गळासाठीं, दुसरें चार फुटांवर कॅमेऱ्यासाठीं. एकाच भोंकांतून दोन्ही सोडलें, तर लागलेला मासा फेऱ्या मारून दोरी तारेंत गुंतवितो. भोंकांतला बर्फाचा चुरा काढावयास त्यांच्याकडे लांब दांड्याचा झारा होता. आपला जिलबीचा झारा पाहिलेल्या कोणासहि तो ओळखूं यावा.

नातवाला त्यांनीं जें शिकविलें तें मीं टिपून घेतलें. कॅमेरा तळाला टेकवूं नये, नाहींतर गाळ उठून दहा मिनिटें कांहीं दिसत नाहीं; तळ लागला कीं हातभर वर घ्यावा. मग तार बोटांनीं हळूहळू पिळीत जावें, म्हणजे खालीं कॅमेरा फिरतो. आमिष पडद्याच्या मध्यावर आलें कीं तार चिमट्यांत पक्की करावी. पडद्यावरच्या माशाचा आकार फसवा असतो. आमिषाची लांबी ठाऊक असते, तिच्याशीं ताडून पहावा. कॅमेरा पाण्याबाहेर काढून रेंगाळूं नये, कारण ओल्या भिंगावर क्षणार्धांत बर्फाची पापुद्री धरते. ती नखानें न खरवडतां कॅमेरा पुन्हां पाण्यांत बुडवावा, म्हणजे ती आपोआप विरघळते. थंडींत बॅटरीची शक्ति घटते, म्हणून ती उघड्या बर्फावर ठेवूं नये. भोंक पुन्हां गोठूं लागलें तर झाऱ्यानेंच मोकळें करावें. तारेजवळ पहार चालवूं नये. आणि घरीं आल्यावर सर्व सामान पेटी उघडी ठेवून वाळवावें.

पडद्यावर काय दिसलें

प्रथम कांहींच दिसलें नाहीं. फक्त हिरवट अंधुक उजेड. मग डोळे सरावले. खालीं सपाट, राखी रंगाचा गाळ. त्यांत बारीक बारीक छिद्रें. त्या गाळांत किड्यांच्या लाल अळ्या राहतात व त्या खाण्यासाठीं पर्च जातीचे मासे खोल पाण्यांत उतरतात. थोड्याच वेळांत ते आले. सोनेरी अंग, त्यावर काळसर उभे पट्टे, पोटाखालचे कल्ले नारिंगी. शाळा सुटल्यावर मुलें फुगेवाल्याभोंवतीं जमावीं, तसे ते आमिषाभोंवतीं गोळा झाले. नातवानें मोजले: सात. त्यांतील सहा पाहून निघून गेले. सातव्यानें तोंड उघडलें, आमिष आंत ओढलें व लागलीच बाहेर थुंकलें. वर गळाची काठी तसूभरहि हलली नव्हती.

“पाहिलेंत?” आजोबा मला म्हणाले. “चाळीस वर्षें मी संध्याकाळीं घरीं जाऊन बायकोला सांगत असें, आज सरोवरांत मासेच नव्हते. मासे होते. त्यांना माझें आमिष नको होतें, एवढेंच.”

हा कॅमेऱ्याचा पहिला धडा. तो मासा देत नाहीं. आपला गैरसमज काढून घेतो. आमिष फार नाचविलें तर मासे मागें सरतात, अगदीं स्थिर धरलें तर कंटाळतात. अंमळ थरथरलें तर जवळ येतात, हें सर्व त्या पडद्यावर स्पष्ट दिसलें. एकदां तर सर्व पर्च एकाएकीं पळाले व पडदा मोकळा झाला. दोन-तीन क्षणांनीं एक लांबलचक, चपट्या तोंडाचा पाइक डावीकडून उजवीकडे सावकाश निघून गेला. नातवानें माझा हात घट्ट धरला. त्या पाइकानें आमच्याकडे वळूनहि पाहिलें नाहीं.

सोडलेला मासा

दुपारपर्यंत आजोबांच्या बादलींत सहा पर्च जमले. सातवा आला तो अगदींच लहान, वीतभरहि नाहीं. आजोबांनीं तो हलक्या हातानें गळावरून सोडविला, भोंकांत टाकला आणि म्हणाले, “जा बाबा, मोठा होऊन ये.” नातवानें टाळ्या पिटल्या. मलाहि बरें वाटलें. जीव मारण्याच्या त्या उद्योगांत एक तरी जीव सुटला, हें घरीं सूनबाईंना सांगतां येईल, असें माझ्या मनांत आलें.

नंतर जागा बदलावयाची म्हणून नातू कॅमेऱ्याची तार गुंडाळूं लागला. कॅमेरा बर्फाच्या जवळ आला, तेव्हां त्याचा हात थांबला.

“आजोबा,” तो मला म्हणाला, “तो खालीं गेलाच नाहींय.”

पडद्यावर बर्फाची खालची बाजू दिसत होती. दुधी कांचेच्या तक्तपोशीसारखी. तिला चिकटून आमचा सोडलेला मासा पोट वर करून पडला होता. डोळे खोबणींतून पुढें आलेले. तोंडांत गुलाबी पिशवीसारखें कांहीं. तो शेंपटी हलवी, दोन बोटें खालीं जाई आणि पुन्हां बर्फाला येऊन लागे.

घडलें होतें तें असें. पर्चच्या पोटांत हवेची पिशवी असते. तिच्या जोरावर तो पाण्यांत हव्या त्या खोलीवर तोलून राहतो. चाळीस फूट खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुपटीहून अधिक असतो. तेथून मासा भरभर वर ओढला कीं दाब उतरतो व पिशवींतील हवा फुगून दुपटीहून मोठी होते. ट्राउटसारख्या माशांच्या पिशवीपासून घशापर्यंत नळी असते, त्यामुळें ते हवा तोंडावाटे सोडूं शकतात. पर्चला ती वाट नाहीं. त्याची हवा रक्तावाटे हळूहळूच कमी व्हावयाची. तोंवर फुगलेली पिशवी त्याचें जठर तोंडावाटे बाहेर ढकलते आणि तो फुग्यासारखा वर तरंगत राहतो. साधारण तीस फुटांपलीकडून ओढलेल्या अशा माशाला सोडून दिलें, तरी तो वांचण्याची आशा फार थोडी.

आजोबा गुडघ्यांवर बसून बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिले. “मीं हें ऐकलें होतें,” ते अखेर म्हणाले. “असल्या खोल पाण्यांतून मीं शेंकडों सोडले असतील. भोंकांत टाकला कीं दिसेनासा होई, आणि मी समजें कीं तो घरीं गेला.”

“आपण त्याला बाहेर काढूं या का?” नातवानें विचारलें.

मग एक निराळीच धांवपळ झाली. नातू कॅमेरा फिरवून मासा कोणत्या बाजूस आहे तें सांगे, “डावीकडे, आणखी थोडें डावीकडे,” आणि आजोबा त्या अंदाजानें गिरमिट धरीत. सत्तरीपुढचा तो गृहस्थ अठरा इंच बर्फ पुन्हां भेदून हाश्शहुश्श करीत होता. मी झाऱ्यानें चुरा काढीत होतों. दोन भोंकें वायां गेलीं. तिसऱ्यांतून झाऱ्याला मासा लागला. त्याची हालचाल तोंवर थांबली होती. आजोबांनीं तो बादलींत ठेवला व म्हणाले, “सात झाले. हा माझ्याच हिशेबांत.” मग गळ गुंडाळीत ते नातवाला म्हणाले, “येथून पुढें खोल पाण्यांत मी एकच नियम पाळीन. वर आलेला प्रत्येक मासा, लहान असो कीं मोठा, माझ्या ताटांत. आणि ताटापुरते झाले कीं गळ बंद.”

त्यानंतर आम्ही किनाऱ्याजवळ, पंधरा फूट पाण्यांत, पाणवनस्पतींच्या कडेला जाऊन बसलों. तेथें त्यांनीं दोन लहान मासे सोडले. दोन्ही वेळां नातू कॅमेऱ्याशीं होता. दोन्ही मासे बाणासारखे खालीं गेले व हिरव्या झुडुपांत शिरले. नातवानें या खेपेस टाळ्या पिटल्या नाहींत. पडद्यावर कांहीं दिसेनासें होईपर्यंत तो नुसता पाहत राहिला.

दिसतें म्हणून किती घ्यावें?

अशा यंत्रांविषयीं मासेमारांत दोन तट आहेत. एक म्हणतो, ज्याला सर्व कांहीं दिसतें त्याची शिकार ती कसली? सरोवर मुकाट्यानें रिकामें होईल. दुसरा म्हणतो, दिसल्यानेंच मनुष्य निवड करूं शकतो. नको त्या जातीचा वा लहान मासा जवळ आला तर आमिष वर ओढून घेतां येतें. दोन्ही पक्षांत तथ्य आहे. म्हणूनच तेथें सरकारनें जातीगणिक रोजची संख्या ठरवून दिली आहे व हिवाळ्यांत माणशीं दोनच गळ लावण्याची मुभा ठेवली आहे. परंतु कायदा बादलींतले मासे मोजतो. बर्फाखालीं तरंगणारे त्याच्या मोजणींत येत नाहींत. ते मोजण्याचें काम ज्याला दिसतें त्याचेंच.

हा खेळ किती वर्षें चालेल, हाहि प्रश्न आहेच. जपानांतील सुवा सरोवर केव्हां गोठलें याची नोंद तेथील देवस्थानचे पुजारी १४४३ सालापासून ठेवीत आले आहेत, आणि अलीकडच्या काळांत तें न गोठण्याचींच वर्षें वाढत चाललीं आहेत. मिनेसोटांत २०२३-२४ चा हिवाळा नोंदींतील सर्वांत उबदार ठरला. त्याच हंगामांत, २०२३ च्या डिसेंबरअखेर, अपर रेड लेक या सरोवरावर बर्फाचा मोठा तुकडा किनाऱ्यापासून सुटला व त्यावरील शंभरांहून अधिक मासेमारांना सोडवून आणावें लागलें. बर्फाखालचें दाखविणारा कॅमेरा पायांखालचा बर्फ किती भक्कम आहे तें सांगत नाहीं. त्याला ती जुनी लोखंडी पहारच हवी.

संध्याकाळीं घरीं परतलों. सूनबाई दारांतच उभ्या होत्या. “रडला का?” त्यांनीं हळूच विचारलें. मीं मान हलविली. नातू हातपाय धुऊन पानावर बसला, वरण-भात जेवला व घांस गिळतां गिळतां आईला सर्व हकीकत सांगूं लागला. पाइकाची सांगितली, झाऱ्याची सांगितली. त्या लहान माशापाशीं येऊन थांबला. मग म्हणाला, “आई, आम्हीं त्याला सोडलें होतें गं. पण सोडलें म्हणजे वांचलें असें नसतें.”

सूनबाईंनीं त्याच्या पाठीवरून हात फिरविला. माझें मन मात्र त्या वाक्यानें पार पुण्याला जाऊन पोंचलें. गेलीं पन्नास वर्षें आमच्या घरचें निर्माल्य मी स्वतः पुलावरून नदींत सोडीत आलों आहें. गौरी-गणपतीच्या दिवसांत तर पिशव्या भरभरून. फुलें पाण्याला लागलीं, हात जोडले, कीं कर्तव्य संपलें. पुढें तीं कोठें गेलीं हें मीं कधीं पाहिलें नाहीं. तळाशीं कुजणारा पाचोळा माशांचा प्राणवायु खातो, हें त्या दिवशीं सरोवरावर मीं ऐकलें होतें. आमच्या फुलांनीं याहून निराळें काय केलें असणार? नदी गढूळ, वर बर्फ नाहीं, हातीं कॅमेराहि नाहीं. म्हणून दिसलें नाहीं, इतकेंच.

परत आल्यापासून आमचें निर्माल्य अंगणांतील चाफ्याच्या आळ्यांत जातें. घरांतील वडीलधाऱ्या मंडळींना प्रथम तें रुचलें नाहीं. तेव्हां मीं त्यांना शास्त्रार्थ सांगत बसण्याऐवजीं, बर्फाला खालून चिकटलेल्या त्या वीतभर माशाची गोष्ट सांगितली. वहिनी क्षणभर गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, “भावोजी, उद्यांपासून परडी इकडेच रिकामी करीत जा.”